जुनी गाडी घेताना इंजिनाची पत पाहावी

पेढीवर नवा ग्राहक उधारीने माल मागावयास आला, तर आपल्या वाडवडिलांनी त्याच्या अंगावरचे कपडे पाहून कधी माल दिला नाही. त्याचे घराणे कोणते, पूर्वीचे व्यवहार कसे, आज दुकानात माल किती, उधारी कशासाठी हवी आणि वेळ पडल्यास वसुली कोठून होणार, या पाच गोष्टींची चौकशी झाल्यावरच खतावणीत त्याचे नाव चढत असे. बँकेतील कर्जप्रस्तावांची छाननी मी अनेक वर्षे केली. तेथे शब्द निराळे असतात, परंतु प्रश्न हेच पाच असतात.

आश्चर्य याचे वाटते, की पंचवीस हजारांच्या उधारीसाठी एवढी चौकशी करणारी आपली कुटुंबे चार-पाच लाखांची वापरलेली गाडी घेताना मात्र रंग, सीटकव्हर आणि विक्रेत्याची गोड वाणी पाहून संध्याकाळच्या आत विसार देऊन मोकळी होतात. गाडीचा रंग हा ग्राहकाचा सदरा आहे. तिची पत इंजिनात असते, आणि इंजिन झाकणाखाली असते.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. पूर्वी घरची गाडी मोंढा, स्टेशन आणि फार तर छत्रपती संभाजीनगर एवढीच धावत असे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. चातुर्मासात दूरच्या क्षेत्री दर्शनास जाणे, नागपूर-मुंबईच्या सोयरिकी आणि आजारी वडीलधाऱ्यांना मोठ्या रुग्णालयात नेणे या साऱ्यासाठी आता हाच मार्ग धरला जातो. गावात पाच-पाच किलोमीटर धावताना ज्या इंजिनाचे दुखणे लपून राहते, तेच इंजिन उन्हाळ्याच्या दुपारी दोन तास सलग वेगाने पळविल्यावर आपले खरे रूप दाखविते. अशा वेळी गाडीत आजी बसलेली असेल, तर प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

म्हणून तेच पाच जुने प्रश्न आज आपण इंजिनाला विचारू.

घराणे : गाडीचे नाव निराळे, इंजिनाचे निराळे

जालन्याहून अहिल्यानगरमार्गे पुण्यास जाताना रांजणगावच्या महागणपतीचे स्थान लागते. त्याच परिसरातील औद्योगिक वसाहतीत फियाट आणि टाटा यांचा संयुक्त कारखाना आहे. तेथे १२४८ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे एक डिझेल इंजिन वर्षानुवर्षे तयार होत असे. मूळ रचना फियाटची आणि नाव मल्टिजेट. मारुतीने हेच इंजिन परवाना घेऊन हरियाणात मानेसर येथेही बनविले. तेवढ्यानेही मागणी पुरेना, म्हणून जानेवारी २०१२ मध्ये वर्षाला एक लाखापर्यंत इंजिने रांजणगावहून घेण्याचा करार केला.

हे एकच इंजिन किती नावांनी बाजारात आले, ते पाहण्यासारखे आहे. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ आणि ब्रेझा या गाड्यांत ते होते. टाटांच्या इंडिका व्हिस्टा, मांझा आणि झेस्टमध्ये होते. फियाटच्या पुंटो आणि लिनियामध्ये तर होतेच. शेव्हरोलेच्या सेल या गाडीतील डिझेल इंजिनही त्याच कुळातील. त्या काळी याला ‘देशाचे राष्ट्रीय इंजिन’ असे गमतीने म्हटले जाई. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषण मानके लागू झाली, त्यात हे इंजिन बसविणे मारुतीला परवडले नाही आणि त्या कंपनीने डिझेल गाड्याच बंद केल्या. तरीही वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ते आजही ठिकठिकाणी भेटते.

यातून पहिला बोध असा, की गाडीच्या नाममुद्रेवरून इंजिनाचे घराणे ठरवू नये. एका कंपनीच्या नावासाठी ग्राहक पन्नास हजार अधिक मोजतो, आणि तेच हृदय असलेली दुसऱ्या नावाची गाडी शेजारी कमी भावात उभी असते. भावातील हा फरक सर्वस्वी निराधार नसतो. गाडीची बांधणी, विद्युत यंत्रणा, सेवाकेंद्रे आणि पुढे विकतानाची किंमत यांनाही मोल आहेच. परंतु आपण नेमके कशाचे पैसे मोजत आहोत, हे मोजण्यापूर्वी ठाऊक असावे.

घराण्याची चौकशी करताना एक प्रश्न आवर्जून विचारावा. इंजिनात टायमिंगची साखळी आहे की पट्टा? इंजिनातील झडपा आणि पिस्टन यांची वेळ जुळविण्याचे काम ही साखळी किंवा हा पट्टा करतो. पट्टा रबरी असतो आणि ठरावीक किलोमीटरनंतर किंवा ठरावीक वर्षांनंतर तो बदलावाच लागतो. न बदलल्यास तो चालत्या गाडीत तुटतो, अनेक इंजिनांत झडपा पिस्टनवर आपटतात आणि काही क्षणांत इंजिन निकामी होते. २०१६ पर्यंत आलेल्या जुन्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेल इंजिनात पट्टा आहे, तर त्यानंतरच्या क्रिस्टाच्या २.४ लिटर इंजिनात साखळी. डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनातही पट्टाच आहे. म्हणून या गाड्या वाईट ठरत नाहीत, जुन्या इनोव्हाची मजबुती तर सर्वश्रुत आहे. मात्र पट्टा बदलल्याचे बिल विक्रेत्यापाशी नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून भाव करावा. मल्टिजेटला साखळी आहे, पण तीही अमर नाही. वेळेवर ऑइल न बदलल्यास साखळी ताणते आणि थंड इंजिन सुरू करताना खडखडाट ऐकू येतो.

पूर्वीचे व्यवहार : मीटरवर नव्हे, नोंदींवर विश्वास

थोर घराण्यातला मुलगाही दिवाळखोर निघतो आणि सामान्य घरातला मनुष्य पन्नास वर्षे सचोटीने खाते चालवितो. इंजिनाचेही तसेच आहे. हेच मल्टिजेट टॅक्सीत दोन-अडीच लाख किलोमीटर निमूट चाललेले दिसते, आणि हेच इंजिन एखाद्या हौशी मालकाच्या हाती लाखाच्या आतच टर्बो किंवा इंजेक्टरचे काम काढते. फरक घडवितात त्या दोन गोष्टी : ऑइल वेळेवर बदलले का, आणि इंजिन कधी तापू दिले का.

याचा पुरावा सर्व्हिसच्या नोंदींत मिळतो. अधिकृत सेवाकेंद्रात गाडीच्या क्रमांकावरून जुन्या नोंदी निघू शकतात. मालकाने तेथे स्वतः विचारणा केल्यास त्या मिळण्यास अडचण येत नाही. विक्रेता सोबत यावयास टाळाटाळ करीत असेल, तर त्या टाळाटाळीची नोंद आपण आपल्या मनात करून ठेवावी.

मीटरवरील आकडा म्हणजे कर्जदाराने स्वतः लिहून आणलेला ताळेबंद होय. तो अन्य कागदांशी पडताळल्याखेरीज स्वीकारू नये. समजा, २०१८ सालच्या गाडीचे मीटर ४१,००० किलोमीटर दाखविते, आणि २०२१ च्या सर्व्हिस बिलावर ५८,००० ची नोंद आहे, तर मीटर मागे केले आहे हे सांगावयास मिस्त्री लागत नाही. बिले नसतील तर फास्टॅगचा उतारा दाखविण्याची विनंती करावी, त्यावरून गाडी महामार्गावर किती धावली याचा अंदाज बांधता येतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. चाळीस हजार चाललेल्या गाडीला टायरांचा तिसरा संच कसा, हा प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार आहे. ब्रेक आणि क्लच यांच्या पेडलांवरील रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा आणि चालकाच्या आसनाची बसलेली कडही बोलकी असते.

आरसीवर इंजिन क्रमांक असतो. तो प्रत्यक्ष इंजिनावरील क्रमांकाशी जुळवून पाहावा. इंजिन बदललेले असल्यास त्याची नोंद परिवहन कार्यालयात व्हावयास हवी. आरसीच्या इतिहासातून गाडी पूर्वी प्रवासी वाहतुकीत होती का, हेही कळते.

दोन प्रकारच्या स्वस्त गाड्यांविषयी विशेष सांगावेसे वाटते. पहिली दिल्लीची. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांस बळ दिले. त्यामुळे तेथील अनेक गाड्या अन्य राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी कायद्यामुळे स्वस्त असते, इंजिन बिघडल्यामुळेच असते असे नाही. म्हणून ती सरसकट नाकारण्याचे कारण नाही. मात्र नाहरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातील नवी नोंदणी आणि येथे भरावयाचा कर हे किमतीत मिळवूनच ती स्वस्त आहे की नाही ते ठरवावे.

दुसरी पुरात बुडालेली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर आला. अशा आपत्तींत असंख्य गाड्या पाण्याखाली जातात आणि त्यांतील काही धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यांत विकावयास येतात. इंजिनात पाणी शिरलेले असताना चावी फिरविली गेली असल्यास पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे इंजिन काही काळ चालतेही, पण ते भरवशाचे राहत नाही. गालिच्याखालचा चिखल, सीटच्या रुळांवरील गंज, दिव्यांच्या आतील पाण्याची रेघ आणि कुबट वास ही त्याची लक्षणे होत.

आजची स्थिती : सकाळी जावे, थंड इंजिन पाहावे

इंजिन पाहावयास सकाळी जावे, आणि आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नये असे विक्रेत्यास आदल्या दिवशी सांगावे. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. तो गरम लागला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. तापलेले इंजिन आपली बरीच दुखणी लपविते.

गाडी सुरू करण्यापूर्वी ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्याच्या आतील बाजू पाहावी. तेथे सायीसारखा पांढुरका थर असेल, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. कूलंटमध्ये तेलाचे तवंग असतील, तर हेड गॅस्केटकडे संशयाने पाहावे. डिपस्टिकवरील ऑइल काळे दिसले म्हणून मात्र घाबरू नये. डिझेल इंजिनात ते बदलल्यावर लवकरच काळे होते. उलट ऑइल कालच बदललेले आणि इंजिन न्हाऊ-माखू घातल्यासारखे चकचकीत असेल, तर कोणती गळती पुसली असावी याचा विचार करावा.

चावी फिरविताच इंजिनाचा पिवळा इशारादिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर दिव्यालाच गप्प केले असण्याचा संभव असतो. इंजिन सुरू होताच सायलेन्सरकडे पाहावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. पांढरा धूर थांबतच नसेल आणि त्यास गोडसर वास असेल, तर कूलंट जळत आहे. थंडीच्या सकाळी निघणारी थोडी वाफ मात्र निर्दोष असते. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही, आणि तेथे एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बो तपासावा. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण हलके उघडल्यावर धूर जोराने फुसफुसत बाहेर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि ‘हाफ इंजिन’चे काम जवळ आले आहे.

यानंतर गाडी निदान पंधरा-वीस किलोमीटर, एसी लावून, मोकळ्या रस्त्यावर चालवावी. कॉलनीतल्या एका फेरीने काहीच कळत नाही. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो का, वरच्या गियरमध्ये वेग घेताना इंजिन कण्हते का, परत येऊन दोन मिनिटे उभी ठेवून ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर निघतो का, हे पाहावे.

सौदा ठरत आला, की आपल्या विश्वासातील मिस्त्रीकडून दोन तपासण्या कराव्यात. एक, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असावेत, एखादा बराच खाली असेल तर तो सिलिंडर आजारी आहे. दुसरी, स्कॅनर जोडून संगणकातील दोषनोंदी. येथे एक बारकावा आहे. विक्रीपूर्वी नोंदी पुसून टाकता येतात, परंतु पुसल्यानंतर गाडीच्या काही स्वयंतपासण्या अपूर्ण दिसतात आणि त्या पूर्ण होण्यास काही प्रवास लागतो. पाने फाडलेली रोजकीर्द पाहून हिशेबतपासनिसाला जे वाटते, तेच अशा वेळी आपल्याला वाटावे. मिस्त्री विक्रेत्याने सुचविलेला नसावा, हे तर सांगणे नलगे. कर्जदाराच्या मेहुण्याकडून तारणाचे मूल्यांकन कोणी करून घेत नाही.

हेतू : गाडी आपल्याला कशासाठी हवी?

चांगल्या ग्राहकासही चुकीच्या कामासाठी कर्ज दिले, तर खाते बुडते. इंजिन आपल्या वापरास साजेसे आहे का, हा प्रश्न म्हणूनच त्याच्या प्रकृतीइतका महत्त्वाचा आहे.

आपल्यातील बहुसंख्य व्यापाऱ्यांची गाडी रोज घर ते दुकान अशी दोन-तीन किलोमीटरच चालते. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच ते बंद होते. भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून तो स्वच्छ व्हावा, यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने चालावी लागते. केवळ मोंढ्यात फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि त्याचा खर्च मोठा येतो. म्हणून वापर गावातला असेल तर पेट्रोल, आणि महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर महामार्गावर जाणे असेल तरच डिझेल, हा साधा नियम ठेवावा. पेट्रोल गाडी २०२३ पूर्वीची असेल, तर वीस टक्के इथेनॉल असलेल्या आजच्या पेट्रोलचाही विचार व्हावा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळविलेल्या मोटारींच्या मायलेजमध्ये सहा ते सात टक्के घट अंदाजिली आहे. अशा गाडीतील इंधनाच्या रबरी नळ्या पाहून घ्याव्यात.

आपल्या भागाचे एक खास दुखणे आहे, ते म्हणजे पाणी. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे भरले जाते, आतून क्षारांचा थर धरतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात इंजिन तापू लागते. कूलंटच्या टाकीत रंगीत कूलंटऐवजी गढूळ किंवा गंजकट पाणी दिसले, तर ते इंजिन आपल्याच जिल्ह्यात हळूहळू आजारी पडले आहे असे समजावे. जिनिंग, गिरण्या आणि धान्याचा धुरळा असलेल्या भागात फिरलेल्या गाडीचा एअर फिल्टरही उघडून पाहावा. तो फाटका असेल, तर धूळ थेट सिलिंडरमध्ये गेलेली असते.

वसुली : सुटे भाग आणि हात

इंजिन उत्तम, पण त्याचा सुटा भाग दोन महिने मिळेना, तर उत्तमपणाचा उपयोग काय? वर उल्लेखिलेल्या शेव्हरोले सेलचे इंजिन चांगल्या कुळातले होते. पण जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली आणि तळेगावचा कारखानाही पुढे २०२० मध्ये बंद केला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. अशा गाड्या स्वस्त मिळतात, आणि ज्याच्यापाशी जाणता मिस्त्री आहे त्याच्यासाठी त्या लाभाच्याही ठरू शकतात. मात्र सौद्यापूर्वी गावातील सुट्या भागांच्या दुकानी जाऊन त्या गाडीचे तीन भाग विचारून पाहावेत : वॉटर पंप, इंजेक्टर आणि टायमिंगचा संच. ‘उद्या मिळेल’ आणि ‘मागवावे लागेल’ या दोन उत्तरांत हजारो रुपयांचे अंतर असते.

तरतूद : संशयाचीही किंमत मांडावी

बँक संशयित खात्यासाठी तरतूद करते, तशीच आपणही करावी. समजा, एकाच वर्षाच्या, एकाच प्रकारच्या दोन गाड्या आहेत. पहिलीच्या सर्व नोंदी आहेत आणि किंमत ४,३०,००० रुपये. दुसरीच्या नोंदी नाहीत आणि किंमत ३,७०,०००. साठ हजारांची बचत दिसते. आता मिस्त्री सांगतो, की दुसरीला क्लच, टायर व इंजेक्टर मिळून ४५,००० लागतीलच, आणि इंजिनाचे ८०,००० चे काम निघण्याची शक्यता चारात एक आहे. त्या शक्यतेचे मोल २०,००० झाले. एकूण तरतूद ६५,००० आणि गाडी पडली ४,३५,००० ला. म्हणजे स्वस्त गाडीच पाच हजारांनी महाग झाली.

परंतु विक्रेता ३,४५,००० ला राजी झाला, तर तीच गाडी ४,१०,००० ला पडते आणि सौदा विचार करण्याजोगा होतो. सदोष इंजिन सदैव टाळावेच असे नाही, दोष भावात उतरला पाहिजे एवढेच. मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. चारात एकची शक्यता ही कागदावरची सरासरी आहे, मिस्त्रीचे बिल सरासरीत येत नाही. काम निघालेच, तर ४५,००० आणि ८०,००० मिळून सव्वा लाख एकरकमी द्यावे लागतील. तेवढी रोकड वेगळी ठेवण्याची ऐपत नसेल, तर नोंदी असलेली गाडीच घ्यावी. ज्याच्यापाशी गंगाजळी कमी, त्याने जोखीमही कमीच घ्यावी.

आणि आपण विक्रेते असू तेव्हा

आतापर्यंतचे सारे घेणाऱ्याच्या बाजूने लिहिले. परंतु प्रत्येक घरची गाडी एक दिवस विकलीही जाते, आणि तेव्हा आपल्या बाजूस निराळी कसोटी लागते.

श्रावकाच्या दुसऱ्या व्रतात जी स्थूल असत्ये वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत कन्या, गाय आणि भूमी यांविषयीचे असत्य, ठेवीचा अपहार आणि खोटी साक्ष अशी पाच नावे प्रतिक्रमणात आपण घेतो. गायीविषयीचे असत्य म्हणजे कमी दूध देणारीस अधिक दुधाची सांगणे, आणि परंपरेने त्यात सर्व चतुष्पादांचा समावेश केला आहे. त्या काळी घरोघरी विकले जाणारे सर्वांत मोलाचे जंगम धन पशू हेच होते. आज त्या जागी चार चाकांचे वाहन आले आहे. तापणाऱ्या इंजिनाची गाडी थंडीत विकून टाकणे, ऑइल पिणाऱ्या गाडीत दाट ऑइल भरून चार दिवस धूर दडविणे, हे गवालीकच होय. आणि मीटर मागे करणे तर तिसऱ्या व्रताच्या अतिचारांतील हीनाधिक मानोन्मान आहे, कारण तराजू काय आणि मीटर काय, दोन्ही मापेच. ‘सगळेच करतात’ आणि ‘मी नाही, एजंटाने केले’ ही दोन्ही उत्तरे आलोचनेच्या वेळी टिकत नाहीत. घेणाऱ्यासही हेच लागू आहे. निर्दोष इंजिनात खोटे दोष दाखवून गरजू माणसाकडून भाव पाडून घेणे हे त्याच व्रताच्या विरुद्ध आहे.

यावर एक साधा उपाय आहे. घरातील प्रत्येक गाडीची एक फाइल आजच करावी. सर्व्हिसची बिले, कूलंट आणि ऑइल बदलल्याच्या तारखा, टायमिंगच्या कामाची पावती आणि टायरांची खरेदी त्यात लावीत जावी. विकताना ती फाइल, ज्ञात दोषांच्या एका कागदासह, घेणाऱ्याच्या हाती द्यावी. त्या कागदामुळे पाच-दहा हजार कमी येतीलही, परंतु नोंदी असलेल्या गाडीला बाजार अधिक भाव देतो हेही वरच्या हिशेबात आपण पाहिलेच. आणि ती गाडी ज्या कुटुंबाची होईल, त्याच्याही घरी एखादी आजी असेल, तीही समृद्धीवरून दर्शनाला निघेल.

जय जिनेंद्र.